घरात कोविड : चाचणी आणि विलगीकरण

खासबागेत अनेक घरांत मागाशेजारीच आजी व नातवंडे वावरतात. एकास कोविड झाला की पालक मला विचारतात, "डॉक्टर, सर्वांचीच तपासणी करायची का?"

१० जानेवारी २०२२ रोजी आयसीएमआरने लक्षणरहित संपर्कितांची सरसकट चाचणी अनावश्यक ठरविली. वयोवृद्ध व सहव्याधिग्रस्त यांचा मात्र अपवाद केला. तो विवेक आजही ग्राह्य वाटतो. परंतु चाचणी टळली म्हणजे मोकळीक मिळाली असे नव्हे. लक्षणांपूर्वी एक-दोन दिवस संसर्ग पसरू शकतो. आरंभीची निगेटिव्ह रॅपिड चाचणीही निर्वाळा देत नाही. म्हणून तापलेल्या मुलाने घरीच राहावे, आजीची चाचणी त्वरित व्हावी. बुडालेली मजुरी विणकराला जड जाते, हे मी जाणतो. तरीही आजीचा श्वास अधिक मोलाचा आहे.