बदलापूर ते बदलापूर

आमच्या घरात वेळ नेहमी गाडीवरून सांगितली जायची. ‘सव्वासातची चुकली’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. घरापासून स्टेशन, स्टेशनवरची वाट पाहणं, गाडी, मग फोर्टातलं ऑफिस, असं धरलं तर एका बाजूला दोन तास कुठे गेले नाहीत. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर हे झाले १,००० तास, म्हणजे जवळजवळ ४२ अख्खे दिवस-रात्र. बावीस वर्षं मी ते दिले. माझ्या लेकीने मात्र २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी लागल्यापासून जवळपास दोन वर्षं आपली नोकरी स्वयंपाकघराच्या दारापाशी, डाळतांदळाचे डबे हलवून मांडलेल्या टेबलावर केली. तिचा प्रवास बदलापूर ते बदलापूर.

एवढ्या लांब आम्ही राहायला आलो ते हौसेने नव्हे. १९९८ साली आमच्या पैशात परळला खोलीसुद्धा मिळत नव्हती आणि इथे वन रूम किचन मिळत होतं. फरकाची रक्कम आम्ही वाचवली असं तेव्हा वाटलं. खरं तर ती आम्ही रोज चार तासांच्या हप्त्याने फेडत होतो. अर्थशास्त्रात हे फार पूर्वी मांडलेलं आहे. जर्मनीतल्या योहान फॉन थ्यूनेन या जमीनदाराने १८२६ मध्ये शेतीबद्दल लिहिलं, की बाजारपेठेपासून जमीन जितकी लांब तितका माल वाहून नेण्याचा खर्च जास्त, म्हणून खंड कमी. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये हाच हिशेब शहराला लावला. शेतमालाच्या जागी माणूस आला आणि बैलगाडीच्या जागी लोकल. मुंबईत हे कळायला पुस्तक लागत नाही. ‘स्टेशनपासून चालत ५ मिनिटं’ या एका ओळीवर इथे लाखांचा फरक पडतो.

घर आणि वेळ यांच्या या तराजूला तिसरं पारडं आहे पगाराचं. लांबून येणारा माणूस पगार ठरवताना प्रवासाचा त्रास मनात धरतोच. म्हणून ऑफिस घरी आलं तेव्हा तिन्ही पारडी एकदम हलली.

वेळेचं आधी. २७ देशांतल्या नोकरदारांच्या एका मोठ्या पाहणीत घरून काम केल्याने दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात असं दिसलं. भारताचा आकडा ९९ मिनिटांचा, सगळ्यांत वरच्या देशांपैकी एक. त्या वाचलेल्या वेळाचं लोकांनी काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरासरी ४० टक्के वेळ परत कामालाच गेला, ३४ टक्के विश्रांती-विरंगुळ्याला आणि ११ टक्के घरातल्यांच्या देखभालीला. लेकीचं मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या महिन्यात ती सकाळी आठपर्यंत झोपायची. तिसऱ्या महिन्यात सव्वासातलाच लॅपटॉप उघडा असायचा, कारण ‘आता प्रवास नाही ना, मग जरा लवकर कॉलवर या’ हे वरिष्ठांनी गृहीत धरलं होतं.

पगाराचा भाग त्याहून नाजूक आहे. अलेक्झांडर मास आणि अमांडा पॅलेस यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नोकरी शोधणाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरून काम करायला मिळणार असेल तर लोक सरासरी ८ टक्के कमी पगार घ्यायला तयार होते. मालकांना हे कळायला वेळ लागत नाही. मे २०२० मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं, की स्वस्त गावी राहायला जाल तर पगारही त्या गावाप्रमाणे ठरेल. आपल्याकडे इतकं उघड कुणी बोललं नाही. इथे पगारवाढ थोडी कमी दिली आणि ‘पण घरून आहे ना!’ म्हटलं की भागतं. त्यात ऑफिसची वीज, इंटरनेट, खुर्ची हा खर्च गुपचूप घरच्या बिलात येऊन बसला. घरभाडे भत्त्याचीही गंमत नाही: गावी आईवडिलांच्या घरात फुकट राहून काम केलं तर भाडं दिलेलं नसल्यामुळे त्या भत्त्यावर करसवलत मिळत नाही.

तरीही मालकांचं नुकसान झालं असं समजू नये. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलेल्यांचं काम घसरलं नाही, बढत्या अडल्या नाहीत आणि नोकरी सोडून जाणं एकतृतीयांशाने घटलं. लांबून येणाऱ्यांना आणि बायकांना हा फायदा जास्त झाला. लेडीज डब्यात बावीस वर्षं भाजी निवडलेल्या बाईला यात नवल वाटत नाही.

आता घरांचं. अमेरिकेत ब्लूम आणि अर्जुन रामाणी यांना दिसलं की मोठ्या शहरांच्या मध्यभागाची मागणी उतरली आणि कडेची वाढली. मेदूवड्यासारखं, मध्ये पोकळ आणि कडेला फुगलेलं. दक्षिण मुंबई मात्र पोकळ झाली नाही. जागाच कमी, घेणारे धनाढ्य, आणि घरून करता येण्याजोगं काम या शहरात मुळात थोड्यांच्याच वाट्याला. इथे फरक पडला तो कडेला. रोज दीड तास नको वाटणारा माणूस आठवड्यातून दोनदा अडीच तास सोसायला तयार होतो. मग नेरळ, कर्जतही त्याच्या नकाशात येतात. गोव्यात आसगाव, शिवोलीकडची भाडी चढली त्यामागेही लॅपटॉप घेऊन आलेली बाहेरगावची माणसं आहेत.

त्याच वेळी खरेदीला वाराही मिळाला. रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, गृहकर्ज ७ टक्क्यांच्या खाली आलं, आणि राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी उतरवलं. बिल्डरांच्या जाहिरातींत अडीच बीएचके आलं. ती अर्धी खोली म्हणजे घरात शिरलेलं ऑफिस, आणि तिचे पैसे कंपनी देत नव्हती. मे २०२२ पासून व्याज चढू लागलं. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ टक्क्यांवर गेला. ५० लाखांचं २० वर्षांचं कर्ज ६.९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३८,५०० च्या आसपास. दर अडीच टक्क्यांनी वाढला की तोच ४६,००० च्या पुढे. आणि नेमकं तेव्हाच ऑफिसांची बोलावणी आली. २०२५ पर्यंत २५ टक्क्यांहून अधिक लोकांना ऑफिसात यावं लागू नये, असं टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२३ पासून तिथेही आठवड्याचे पाच दिवस हजेरी आली. घर तीस वर्षांचा विचार करून घेतात, ऑफिसचा नियम एका ईमेलने बदलतो. घरून काम हा करारातला हक्क असावा, साहेबाची मेहेरबानी नव्हे, असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

पण आमच्या जिन्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने एक सिस्टर राहायच्या, मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात नर्स. २२ मार्च २०२० नंतर लोकल थांबली, तेव्हा त्या पहाटे साडेचारला उठून एसटीने ड्यूटीला गेल्या. १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी गाड्या सुरू झाल्या तेव्हा रिकामा डबा पाहून रडू आलं, असं त्यांनीच सांगितलं. त्यांचं काम घरी येऊ शकत नव्हतं. सलाईन काही झूमवर लावता येत नाही. लेक घरी असायची म्हणून सिस्टरांचा गॅस, त्यांची पार्सलं, त्यांचा मुलगा, सगळं आमच्याकडे. वाचलेल्या वेळातला एवढा वाटा तरी त्यांना मिळाला.

मग दोन वर्षांपूर्वी घरमालकाने भाडं वाढवलं. ‘आता आयटीवाले विचारतात, जास्त देतात,’ असं त्याने तोंडावर सांगितलं. सिस्टर वांगणीला गेल्या, एक स्टेशन आणखी पुढे, जिथे फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या थांबतात. ज्यांचा प्रवास टळला ते जवळ आले आणि ज्यांचा टळणारच नव्हता त्या लांब गेल्या.

लेक आता मंगळवार ते गुरुवार ऑफिसला जाते. कधी कधी पहाटेची कर्जत गाडी पकडते, तेव्हा सिस्टर आधीच आत बसलेल्या असतात. बदलापूरला दारातली गर्दी ढकलत ती शिरली की त्या हात वर करतात. कल्याण आलं की उठतात आणि म्हणतात, ‘बस गं आता तू. मला दिवसभर उभंच राहायचंय, सवय आहे.’ लेक बसत नाही. मग दोघी दादरपर्यंत एका जागेवर अर्ध्या-अर्ध्या टेकून जातात.