नागपूर सोडून पुण्याला जाताना

धानाच्या मळणीच्या दिवसांत नागपूरला स्थायिक झालेली अनेक कुटुंबे कुरखेड्याला येतात आणि परतण्यापूर्वी माझ्या दवाखान्यात डोकावतात. गेल्या हंगामात असेच एक निवृत्त गुरुजी सपत्नीक आले. मुलाकडे नागपूरला राहून त्यांना नऊ वर्षे झाली होती. आता मुलाची नोकरी पुण्याला गेली होती.

“डॉक्टरसाहेब, पुण्यात दवाखाने मोठे आहेत म्हणतात. जावं काय आम्ही?” गुरुजींनी विचारले. काकू शेजारी गप्प बसल्या होत्या. वर्षभरापासून त्यांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला आहे.

वाचकहो, हा प्रश्न आपल्याही घरी येऊ शकतो, आणि तेव्हा प्रथम रुग्णालयेच मोजली जातात. परंतु नागपुरातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. दोन्ही शहरांत उपचार मिळतात. तेव्हा निर्णय त्यावर सोपवू नये. दिवसभर घरी कोण असेल, घर कितव्या मजल्यावर आहे, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, पलंगापासून स्नानगृह किती पावलांवर आहे, हे आधी विचारावे.

विस्मरण झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर घर हीच निम्मी स्मृती असते. दिव्याचे बटण हाताला सापडते, ते मनाला आठवावे लागत नाही. घर बदलले की हा आधार सुटतो. संध्याकाळी गोंधळ वाढतो, रात्री चुकीच्या दिशेने पाऊल पडते आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून जुना पलंग, घड्याळ, देवांच्या तसबिरी सोबत न्याव्यात आणि पूर्वीसारख्याच मांडाव्यात. मंडळी पोहोचण्यापूर्वीच स्नानगृहात आधाराची दांडी आणि वाटेवर रात्रीचा दिवा लावून घ्यावा. पहिल्या अस्वस्थ रात्रींसाठी झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका दोन्ही वाढतात. मात्र एक-दोन दिवसांत अचानक भ्रम वाढला, तर नव्या घराला दोष देत बसू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा औषधांची चूक यांपैकी काही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

औषधांची चूक स्थलांतरात फार सहज होते. जुन्या डब्यातील रक्तदाबाची गोळी आणि नव्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची लिहून दिलेली तीच गोळी, अशा दोन्ही पोटात जातात; मग उठताना चक्कर येते. कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव व मात्रा लिहिलेली यादी जवळ ठेवावी.

आमच्या जिल्ह्याचे म्हणून आणखी एक सांगतो. गावी येऊन गेल्यावर ताप आला, तर “आम्ही गडचिरोलीहून आलो” हे पुण्याच्या डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि हिवतापाची रक्ततपासणी करून घ्यावी. फॅल्सिपॅरम प्रकार वृद्धांमध्ये झपाट्याने गंभीर होतो, तर व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून महिन्यांनंतरही उलटतात.

सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. कुटुंबातील अशा सर्व ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत घेता येतात. हे कार्ड सामानाच्या पेटीत न टाकता हाताशी ठेवावे.

हे सारे गुरुजींनी वहीत टिपून घेतले. मग मी काकूंकडे वळलो. त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

“काकू, तुम्हाला काय वाटते?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “दुपारी आमची शेजारीण येते, आम्ही वाती वळतो. तिकडं मी कोणाजवळ बसू जी?”

गुरुजींची लेखणी थांबली. नागपूरहून सकाळी निघालेला माणूस दुपारी कुरखेड्याला पोहोचतो; पुण्याहून सातशे किलोमीटर तर नागपूरच. गावची लग्ने, मयती, धान, सारेच लांबणार, हे त्यांनाही ठाऊक होते. ते बोलत नव्हते इतकेच.

मी त्यांना सुचवले की नागपूरचे घर वर्षभर विकू नका. आधी एक पूर्ण महिना पुण्याला राहून या, आणि तोही दिवाळीच्या सुट्टीत नको. मुलगा-सून सकाळी कामावर जातात, तेव्हाची दुपार पाहायला हवी.

ते महिनाभर राहून आले. परवा गुरुजींचा फोन आला होता. निर्णय अजून झालेला नाही. मुलगा तळमजल्यावरचे घर शोधतो आहे, आणि त्याच इमारतीत वाती वळणारी कोणी आहे का, याची चौकशी सून करते आहे.