दुखरें कोपर व घरगुती उपाय

शेतकऱ्याच्या भांडवलाची मोजदाद करितांना आपण जमीन, विहीर, बैल, अवजारें व बी-बियाणें एवढीं धरतों. स्वतःचा उजवा हात मात्र कोणीच धरीत नाहीं. तो चालेनासा झाला म्हणजे त्याची किंमत कळते. प्रस्तुत लेखकास ती दोन वर्षांपूर्वीं कळली. तालुका कचेरींतील नोकरी संपवून मीं नांदगांवजवळच्या आपल्या अडीच एकरांत कांदा लावला. जन्मभर लेखणी धरलेल्या हातांत एकदम खुरपें व कुदळ आली. काढणीच्या वेळीं पात कापतां कापतां कोपराच्या बाहेरच्या बाजूस ठणका सुरू झाला, आणि महिन्याभरांत पाण्यानें भरलेला तांब्या उचलणेंहि जड जाऊं लागलें. शेजाऱ्यांनीं सांगितलेले व दुकानांत मिळणारे बहुतेक उपाय मीं करून पाहिले. त्यांपैकीं कशाचा उपयोग कितपत, अपाय कशाचा, आणि गुण अखेर कशानें आला, हें येथें क्रमानें मांडतों.

प्रथम दुखणें काय तें पाहूं. स्नायूला हाडाशीं जोडणारी जी पांढरी, चिवट दोरी असते तिला वैद्यकांत कंडरा म्हणतात. बोलण्यांत आपण शीर म्हणतों. सुश्रुतानें शरीरांत अशा १६ कंडरा सांगितल्या असून हाताच्या कंडरा बिघडून होणाऱ्या रोगास ‘विश्वाची’ असें नांव दिलें आहे. कोपराच्या या दुखण्यास आज ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, पण तें कांहीं टेनिस खेळणारांचें वतन नव्हे. १८७३ सालीं रुंगे नांवाच्या जर्मन डॉक्टरानें त्याचें वर्णन केलें, तें लिहिण्याच्या कामानें हात दुखणाऱ्यांविषयीं! अंगठ्याच्या बुडाशीं, मनगटाच्या कडेस होणारें याच जातीचें दुखणें स्विस शस्त्रवैद्य डी कर्व्हेन यानें १८९५ सालीं वर्णिलें. कापूस वेंचणें, पात कापणें, डाळिंबाची छाटणी करणें, या कामांत अंगठा व मनगट सारखें चालतें, म्हणून तें आपल्याहि घरांत होण्याजोगें आहे. सचिन तेंडुलकर यांस २००४ सालीं कोपराच्या याच विकारानें मैदानाबाहेर बसावें लागलें, व मे २००५ मध्यें लंडन येथें शस्त्रक्रिया करवून ते ऑक्टोबरांत पुन्हां खेळूं लागले. उत्तमांतले उत्तम उपचार हाताशीं असतां त्यांस इतका काळ लागला, तर आपण आठ दिवसांत गुणाची अपेक्षा धरणें रास्त नाहीं.

पूर्वीं हा विकार निव्वळ दाहाचा समजत. परंतु शस्त्रक्रियेंत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां त्यांत दाहाचीं चिन्हें थोडीं व धाग्यांची विस्कट फार, असें आढळलें. पीळ सुटलेल्या जुन्या दोराप्रमाणें ही कंडरा होते. तिला रक्ताचा पुरवठाहि बेताचा, म्हणून ती सावकाश सांधते. दाह शमविणाऱ्या औषधानें दुखणें दबतें, पण दोर वळला जात नाहीं, याचें कारण हेंच.

आतां घरगुती उपाय. निर्गुडीचा पाला वाफवून बांधणें, एरंडाचें पान गरम करून लावणें, मिठाच्या पुरचुंडीनें शेकणें, यांनीं ऊब मिळून दुखणें तासदोनतास हलकें होतें. कातडी भाजूं नये एवढें जपलें तर यांत नुकसान नाहीं. मात्र बिब्बा लावणें व डाग देणें हे प्रकार सर्वथा वर्ज्य समजावे. बिब्ब्याच्या तेलानें कातडीवर फोड येतात व जखम चिघळते. दुखऱ्या हाताला जखमेची जोड मिळते, इतकेंच.

हळदीच्या दुधाविषयीं सर्वांचा आग्रह असतो. हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य दाह शमविणारें आहे खरें, पण पोटांतून तें रक्तांत फारच थोडें उतरतें. मिऱ्यांतील पिपेरीन बरोबर दिल्यास तें पुष्कळ अधिक उतरतें, असें बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें. तेव्हां दूध घ्यावयाचें तर चिमूटभर मिरपूड घालून घ्यावें. पण त्यावर विसंबूं नये. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असणारांनीं हळदीच्या गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत.

दुकानांतील डबे याहून महाग. ग्लुकोसामीन सांध्यांच्या नांवानें विकलें जातें. कंडरेस त्याचा गुण येतो असा भरंवशाचा पुरावा नाहीं. कोलॅजेनची भुकटी जनावरांच्या किंवा माशांच्या कातड्याहाडांपासून होते, हें शाकाहारी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. २०१७ सालच्या एका प्रयोगांत व्यायामापूर्वीं एक तास १५ ग्रॅम जिलेटिन ‘क’ जीवनसत्त्वासह दिलें असतां रक्तांत कोलॅजेन बनण्याची खूण दुप्पट झाली. परंतु तो प्रयोग आठ निरोगी तरुणांवर होता. दुखरें कोपर त्यांत नव्हतें. ‘क’ जीवनसत्त्वावांचून शरीरांत नीट कोलॅजेन बनत नाहीं, हें मात्र निश्चित, आणि तें आवळा, पेरू व लिंबू यांत भरपूर आहे. डाळ, दूध, अंडीं व हीं फळें जेवणांत असलीं म्हणजे डब्याचे पैसे खतास उपयोगीं पडतील.

डायक्लोफिनॅक हें औषध गोठ्यामुळें आपल्या परिचयाचें आहे. तें दिलेल्या जनावरांचीं मढीं खाऊन गिधाडें मूत्रपिंड निकामी होऊन मेलीं, म्हणून २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं तें बंद केलें. माणसासहि त्याच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस धोका असतो. लावण्याचें मलम त्या मानानें बरें. सिप्रोफ्लॉक्सॅसिन व त्या वर्गांतील इतर जंतुनाशक गोळ्यांनीं कंडरा दुखावते, क्वचित् तुटतेहि. अमेरिकेंत २००८ पासून या औषधांवर तसा ठळक इशारा छापतात. अशी गोळी लिहून मिळाल्यास आपलें दुखणें डॉक्टरांस आधीं सांगावें.

मीं स्वतः एका दवाखान्यांत कोपरांत स्टेरॉइडचें इंजेक्शन घेतलें. तिसऱ्या दिवशीं हात मोकळा झाला. त्या आनंदांत मीं उरलेली काढणी नेटानें केली, आणि दोन महिन्यांत दुखणें पूर्वींपेक्षां वाढून परतलें. मागाहून कळलें कीं, ऑस्ट्रेलियांत १९८ रोग्यांवर झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत हाच अनुभव आला होता. सहा आठवड्यांनीं इंजेक्शन घेतलेले सर्वांच्या पुढें होते. पण त्यांतील बरे झालेल्या ६५ पैकीं ४७ जणांचें दुखणें उलटलें, आणि वर्षअखेर ते व्यायाम-उपचार घेणाऱ्यांच्या मागें पडले.

मग गुण कशानें येतो? मोजून दिलेल्या भारानें. स्वीडनमधील डॉ. हाकान आल्फ्रेडसन यांची टांच दुखत असे. शस्त्रक्रिया करण्यास वरिष्ठांनीं नकार दिल्यावर, कंडरा तुटेल तर तुटो म्हणून त्यांनीं तिच्यावर मुद्दाम भार टाकला, आणि टांच बरी झाली, अशी हकीकत सांगतात. पुढें त्यांनीं हीच रीत १५ धावणाऱ्या रोग्यांवर १२ आठवडे योजिली व १९९८ सालीं गुण प्रसिद्ध केला.

कोपराची रीत सोपी आहे. खुर्चीवर बसून पुढचा हात मांडीवर ठेवावा, पंजा गुडघ्याबाहेर, तळवा खालीं. पंजांत अर्धा किलो बाजरी घातलेली पिशवी धरावी. डाव्या हातानें पंजा वर उचलून द्यावा, व उजव्यानें पांच अंक मोजीत सावकाश खालीं सोडावा. असें १५ वेळां. थोडें थांबून एकंदर तीन फेरे, रोज. सोपें वाटूं लागल्यावर पिशवींत आणखी मूठभर बाजरी घालावी. आरंभीं हेंहि जड गेलें तर पिशवी न हालवितां अर्धा मिनिट नुसती धरावी.

भार किती असावा हें ठरविण्यास मीं कचेरींतील आणेवारीचा उपयोग केला. सोळा आणे म्हणजे असह्य. व्यायामाच्या वेळीं दुखणें आठ आण्यांच्या आंत असावें, व दुसऱ्या सकाळीं तें आदल्या सकाळच्या आकड्यावर आलेलें असावें. नसल्यास बाजरी कमी करावी. पिकाची आणेवारी चढावी आणि ही उतरावी, एवढाच भेद. माझी वही दहा आण्यांपासून सुरू झाली. बाराव्या आठवड्यास दोन आण्यांवर आली.

अवजारांकडेहि पाहावें. विळ्यास धार असली म्हणजे मूठ आवळावी लागत नाहीं. बारीक दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड करावा. ओझें तळवा वर करून उचलावें, आणि तासातासानें काम पालटावें. आजारांतून उठलेल्या बैलास आपण गोठ्यांत कायमचा बांधीत नाहीं व पहिल्याच दिवशीं नांगरासहि जुंपीत नाहीं. हातासहि तोच न्याय.

खटकन् आवाज होऊन जोर गेला, जागा लाल होऊन ताप आला, बोटें बधिर झालीं, किंवा तीन महिन्यांत उतार पडला नाहीं, तर डॉक्टरांकडे जावें. मधुमेह असणारांनीं साखरहि तपासून घ्यावी, कारण त्यांच्या कंडरा अधिक बिघडतात.

यंदांचा कांदा मीं पुन्हां स्वतः काढला. अडीच एकर एका दमांत न उरकतां चार दिवस अधिक लावले, आणि त्या चार दिवसांची मजुरी अंगावर घेतली. गेल्या वर्षीं इंजेक्शनें, डबे व लेप यांवर जें गेलें त्याहून ती पुष्कळ कमी भरली.