उड्डाणाचे पहिले मिनिट



या व्याख्यानमालेत साहित्य-इतिहासाला मानाचे पान मिळत आले आहे. तेथे इंजिनाचे पुराण लावण्याची मुभा आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. इंदूरच्या विमानतळावर मी अनेक वर्षे नवशिक्यांना लहान विमाने चालविण्यास शिकविले. त्या अनुभवातील एकच विषय आज घेतो : विमान धावपट्टी सोडून वर चढू लागते न लागते तोच इंजिनाची शक्ती गेली, तर काय होते आणि काय करावयाचे असते.

शिकाऊ विमानापाशी शक्ती मुळातच बेताची. सेसना १५२ या दोन आसनी विमानाचे भरलेले वजन सुमारे ७५७ किलो आणि इंजिन अवघे ११० अश्वशक्तीचे; तेही समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेत मोजलेले. इंदूरचा विमानतळ सुमारे १८५० फूट उंचीवर आहे. मे महिन्यातील दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला आपण ५००० फुटांहून उंच असल्यासारखे वाटते. म्हणजे इंजिनात कसलाही बिघाड नसताना शक्तीचा जवळजवळ सहावा हिस्सा आधीच वजा झालेला असतो.

प्रत्यक्ष बिघाडाची कारणे बहुधा साधी असतात. पेट्रोलाहून जड असलेले पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि विमानाचे नाक वर होताच सरकून नळीत शिरते. म्हणून रोज सकाळी तळाच्या तोटीतून थोडे इंधन काचेच्या पेल्यात काढून पाहावयाचे. प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणग्या देणाऱ्या दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. मिनिटाला १७०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून त्या एकेक करून तपासतात. एकीवर चालविताना फेऱ्या १२५ हून अधिक घटल्या, तर विमान परत जागेवर न्यावयाचे.

सर्वांत फसवे कारण म्हणजे बर्फ. इंदूरला बर्फ कोठले, असे आपण म्हणाल! परंतु कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यात हवा वेगाने जाते, इंधनाची वाफ होते आणि तेथील तापमान वीस-तीस अंशांनी उतरते. माळव्यातील पावसाळी सकाळ, पारा २३ अंशांवर आणि हवा दमट : धावपट्टीकडे मंद गतीने जात असतानाच आत बर्फ साठतो आणि पूर्ण शक्ती मागताच इंजिन अडखळते. उपाय एका खटक्यात आहे. धुराड्याभोवतीची गरम हवा आत सोडली की बर्फ वितळतो. मात्र गरम हवेने शक्ती घटते, म्हणून हे जमिनीवरच उरकून उड्डाणापूर्वी खटका बंद करावयाचा.

आता मुख्य प्रश्न. इंजिन थांबले की विमान दगडासारखे कोसळते, हा समज खोटा आहे. वारा नसता हे विमान हजार फुटांवरून सुमारे अडीच किलोमीटर तरंगत जाते. पण चढताना नाक वर असते, त्यामुळे इंजिन थांबताच वेग झपाट्याने ओसरतो. नाक तत्काळ खाली करून ६० नॉटचा वेग राखला पाहिजे. जमीन समोर दिसत असताना हात मात्र दांडी मागेच ओढू पाहतो. आणि मन म्हणते, मागे वळ, धावपट्टी तेथेच तर आहे.

हा मोह प्राणघातक ठरतो. धावपट्टीच्या रेषेवर परतावयास १८० अंश पुरत नाहीत; सव्वादोनशे अंश वळून पुन्हा उलट वळावे लागते. ४५ अंश कलून वळताना पंखांवरील प्रवाह तुटण्याचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, आणि उंची तर क्षणोक्षणी घटत असते. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर झालेले; परततांना वारा पाठीशी. ५० नॉटने उतरणाऱ्या विमानाचा जमिनीवरील वेग १० नॉट वाऱ्यात समोर उतरल्यास ४०, उलट दिशेने ६०. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे याच इमारतीत आपण शिकलो. ती येथे सव्वादोन पट होते. म्हणून समोरचे शेत, थोडे डावे-उजवे, हेच धोरण. शेतात चाक मोडेल, मोडू द्यावे.

इंजिन पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट चालणे मला अधिक भयावह वाटते. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००० ते २०१० मधील एक-इंजिनी विमानांच्या घटना तपासल्या. उड्डाणानंतर शक्ती अंशतः घटल्याच्या २४२ घटनांपैकी नऊ अपघात प्राणघातक ठरले. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटनांत एकही नाही. पूर्ण बंद पडले की निर्णय आपोआप होतो. अर्धवट चालले की आशा उरते, आणि वैमानिक वेग गमावीत वळत राहतो.

यासाठी थ्रॉटल उघडण्यापूर्वी मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोठ्याने म्हणवून घेत असे : धावपट्टीवर शक्ती कमी वाटली तर थांबणार, हवेत गेली तर नाक खाली, समोर उतरणार, इतक्या फुटांखाली वळणार नाही. तो आकडा त्या दिवशीचा वारा आणि उष्मा पाहून त्यानेच ठरवावयाचा. मग आम्ही धावपट्टीपलीकडची काळी शेते पाहून घेत असू : कोठे कापणी झाली आहे, कोठे विहीर आहे, तारांचे खांब कोणत्या बाजूने जातात.