भाकरीच्या हातांनी मांडे

अंबाजोगाईतल्या आमच्या भिशीत आम्ही बाराजणी. जिच्या घरी भिशी, तिनं आपल्या भागात होत नाही असा एक पदार्थ मांडायचा आणि बाकीच्यांनी तिच्या हाताखाली राबायचं, असा आमचा नेम. मे महिन्यात माझी पाळी आली आणि मी खानदेशातले पुरणाचे मांडे करायचे ठरवले.

मांडे सगळ्यांना ऐकून ठाऊक होते, खाल्ले कुणीच नव्हते. विसोबा चाटीनं कुंभारांना धाक घातला, मुक्ताबाईला खापर मिळेना, मग ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवून आपली पाठ पुढे केली, ही कथा आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली. मुकुंदराजांच्या समाधीचं आमचं गाव. इथं कीर्तनाला तोटा नाही. पण त्या कथेतलं खापर म्हणजे फुटक्या माठाचा तुकडा असणार, अशीच माझी समजूत होती. जळगावच्या वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा कळलं, की ते मोठ्या पोटाचं मातीचं भांडं असतं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या उंचवट्यावर मांडा पसरायचा.

आमच्याकडे असं खापर मिळेना. आदल्या दिवशी लोखंडी कढई पालथी घालून पाहिली, तर मांड्याचा मधला भाग करपला आणि कडा कच्च्या राहिल्या. शेवटी एका कुंभारकाकांनी काठ फुटलेला डेरा दिला. "बूड जाड हाय, जाळ सोसंल," म्हणाले. माती सावकाश तापते, पण तापली की धग सगळीकडे सारखी देते.

खरं काम पिठाचं. गहू धुऊन, ओले करून रात्रभर कापडात बांधून ठेवले. सकाळी सावलीत वाळवले, दळून आणले आणि पातळ धोतराच्या कापडातून गाळले. दोन किलो गव्हांचं जेमतेम सव्वा किलो सपीट निघालं. ते मीठ घालून सैल भिजवायचं, मग परातीत आपटायचं. तिंबायचं नाही, आपटायचं. गोळा उचलला की हातातून पाझरत खाली यावा, पण तुटू नये. पाऊण तास आळीपाळीनं आपटलं तेव्हा कुठं तो लोंबायला लागला.

इथंच आमचं घोडं अडलं. आमचे हात ज्वारीचे. ज्वारीच्या पिठाला चिवटपणा नसतो. ते गरम पाण्यानं कसंबसं एकत्र आणायचं, मळायचं आणि तळव्यानं थापत वाढवायचं. भाकरी दाबानं मोठी होते. मांडा मोठा होतो स्वतःच्या वजनानं. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर जरा लाटून उलट्या हातांवर घ्यायचा, बांगड्या मागं सरकवायच्या आणि दोन्ही हात फिरवत त्याला कोपरापर्यंत उतरू द्यायचं. आमच्यातली प्रत्येकजण न राहवून मध्येच बोटं टेकवायची आणि मांड्याला भोक पडायचं. पुरणात डाळीचा एखादा अख्खा कण राहिला, तर तिथंही फाटायचं. मग सगळं पुरण पुन्हा पाट्यावर वाटून घेतलं.

सुरुवातीला चुलीत मी तुराट्या घातल्या होत्या. त्या भडकन पेटायच्या आणि तितक्याच लवकर विझायच्या. शेजारच्या मावशी हे सगळं दारात उभ्या राहून बघत होत्या. दसरा झाला की त्या ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तिकडे कोपीपुढं तीन दगडांच्या चुलीवर, पहाटेच्या अंधारात त्यांच्या भाकऱ्या होतात. "ताई, ह्या काट्या मागं वढा. बाभळीचं घाला, इस्तू धरू द्या," असं म्हणत त्या आत आल्या आणि चुलीपुढं बसल्या. पाच मिनिटांत डेऱ्याचं बूड चहूकडून सारखं तापलं. पाण्याचा शिपका मारून त्यांनी धग जोखली.

मग म्हणाल्या, "एक माझ्या हातावर द्या." आधीचे पाच फाटले होते. त्यांनी हात सैल सोडले, खांद्यांतून हलवले, बोटं कुठंच लावली नाहीत. मांडा ओढणीसारखा पातळ झाला; त्यातून आतलं पुरण पिवळं दिसत होतं. डेऱ्यावर पडताच तो टम्म फुगला. दोन्ही अंगांनी भाजून गरम असतानाच घडी घालावी लागते. गार झाला की कडक होऊन मोडतो. मावशींनी चार घड्या घातल्या आणि वर तुपाची धार सोडली.

पंधरांपैकी सात अख्खे निघाले. सगळ्याजणी मावशींना मध्ये घेऊन आमरसाबरोबर जेवलो. फाटलेले आधी संपवले. संध्याकाळी डेरा राखेनं पुसून मावशी तो आपल्या घरी घेऊन गेल्या. रविवारी त्यांच्या लेकी माहेराला यायच्या होत्या.