घाटात गाडी टकटकते तेव्हा

मे महिन्यातील भर दुपार आहे. अमरावतीहून निघालेली एक जुनी फियाट परतवाडा मागे टाकून चिखलदऱ्याच्या चढाला लागली आहे. गिअर न बदलता चालकाने ॲक्सिलरेटर दाबून धरला, की बॉनेटखालून छर्रे भरलेला डबा हलवल्यासारखा आवाज येतो. पाय सैल केला की तो त्याच क्षणी थांबतो. टॅपेटचा आवाज असता, तर तो गाडी उभी असतानाही आला असता. हा मात्र इंजिनावर भार पडला की येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात.

ही फियाट म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. इंजिन चार सिलिंडरांचे, १,०८९ घन सेंटिमीटरचे. तिच्यात संगणक नाही. ठिणगी केव्हा पडावी, हे डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडण्यावर ठरते.

आता थोडा हिशेब करा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २० सहस्रांश सेकंद लागतात. सिलिंडरमधील पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटून संपायला दोन सहस्रांश सेकंद लागतात असे धरू. तेवढ्यात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरतो! पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यावर ठिणगी पाडली, तर पूर्ण दाब तयार होईपर्यंत तो बराच खाली निघून गेलेला असेल. म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते. यालाच टायमिंग ‘ॲडव्हान्स’ करणे म्हणतात. वेग कमी असताना ॲडव्हान्सही कमी लागतो; त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरमध्ये स्प्रिंगने बांधलेली दोन छोटी वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडू लागते.

पण ती फारच लवकर पडली तर? पिस्टन अजून वर येत असतानाच ज्वाला पसरू लागते. कोपऱ्यात उरलेले न जळलेले मिश्रण एकीकडून पिस्टन आणि दुसरीकडून जळालेले तप्त वायू दाबतात. ते इतके तापते की ज्वाला पोचण्याआधीच सगळे एकदम पेटते. त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती घणघणतात. तोच तुम्ही ऐकलेला आवाज. धातूला लागून असलेला वायूचा थंड थर या धक्क्यांनी उडून जातो. मग उष्णता थेट पिस्टनला भिडते. असे दीर्घकाळ चालले, तर पिस्टनच्या माथ्याला भोकही पडते.

यात वऱ्हाडच्या उन्हाचा वाटा किती? सायकलच्या पंपात हवा दाबली की ती तापते, हे तुम्हाला माहीत आहे. मिश्रण आठपट दाबले, तर त्याचे केल्विनमधील तापमान ढोबळमानाने १.८७ पट होते. हिवाळ्यातील १५ अंश सेल्सिअस म्हणजे २८८ केल्विन. त्याचे सुमारे ५३७ होतात. उन्हाळ्यातील ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. त्याचे सुमारे ५९३. बाहेरचा ३० अंशांचा फरक सिलिंडरमध्ये ५६ अंशांचा झाला! उलट सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याजवळ हवा विरळ आणि थंड असते, त्यामुळे घाट चढत जाल तसा आवाज कमी होण्याकडे कल असतो.

पेट्रोलचाही संबंध आहेच. नॉकिंगला ते किती दाद देत नाही, हे ऑक्टेन अंकाने मोजतात. पूर्वी हा अंक वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. ते विषारी असल्याने भारतात २००० सालापासून बंद झाले. आता मिसळले जाणारे इथेनॉल ऑक्टेन वाढवते. पण जुन्या कार्ब्युरेटरमध्ये त्यामुळे मिश्रण पातळ होते, हे विसरू नये.

मग दोष शोधायचा कसा? आवाज आला की लगेच डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग मागे घेणे ही घाई झाली. आवाज बंद होतो खरा, पण फार मागे नेल्यास ताकद घटते, वायू बाहेर पडतानाही जळत राहतात आणि इंजिन अधिकच तापते. आधी पाणी आणि फॅनबेल्ट पाहावा. मग पॉइंटमधील फट मोजावी. ती जास्त असेल, तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. (वापराने पॉइंटची टाच झिजते आणि फट कमी होते, म्हणजे नुसत्या झिजेने टायमिंग उशिरा होते. तेव्हा जास्त फट दिसली, तर ती कोणी तरी चुकीची लावलेली असते.)

नंतर इग्निशन चालू ठेवून कॉइलची डिस्ट्रिब्यूटरकडील तार आणि बॉडी यांमध्ये १२ व्होल्टचा दिवा जोडतात व इंजिन हाताने हळू फिरवतात. पॉइंट उघडताच दिवा लागतो. त्या क्षणी पुलीवरील खूण नेमक्या जागी हवी. नसेल, तर डिस्ट्रिब्यूटर अगदी थोडा फिरवावा. तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याचा एक अंश म्हणजे इंजिनाचे दोन अंश.

खूण बरोबर असूनही आवाज येतो? मग टायमिंग लाइट लावावा. पहिल्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर तो लखलखतो आणि फिरती खूण स्थिर दिसते. फिरता पंखाही थांबल्यासारखा भासू शकतो, म्हणून हात दूर ठेवा! इंजिनाचा वेग वाढवताच खूण एकदम दूर उडी मारत असेल, तर वजनांची स्प्रिंग सैल झालेली किंवा तुटलेली आहे. तेही ठीक निघाले, तर सिलिंडरच्या डोक्यात साठलेल्या काजळीचा संशय घ्यावा.

दुरुस्तीनंतरची जुनी परीक्षा अशी: सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी सुमारे ३० कि.मी. वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. क्षणभर हलकी टकटक येऊन वेग वाढताच ती विरली, तर डिस्ट्रिब्यूटरचा नट घट्ट करायचा.