जीर्ण तबकडीची नक्कल

संगणकाच्या पेटीत हार्ड डिस्क नावाची जी लहानशी, जड, धातूची डबी असते, तिच्या स्वाधीन आज सर्वसामान्य कुटुंबाचे आणि लहानमोठ्या कचेऱ्यांचे जवळजवळ सगळे दप्तर झालेले आहे. खरेदीखताची छायाप्रत, मुलांची जन्मापासूनची छायाचित्रे, दुकानाचा जमाखर्च, एखाद्या अभ्यासकाचे अर्धवट राहिलेले लेखन, सारे काही तिच्यात असते. आणि तरीही ती डबी म्हणजे एक फिरणारे, झिजणारे आणि कधी तरी खात्रीने बंद पडणारे यंत्र आहे, हा विचार ती कुरकुरू लागेपर्यंत बहुधा कोणाच्या मनास शिवत नाही. पूर्ण बंद पडण्यापूर्वी तिच्यातील मजकूर नव्या डिस्कवर बरहुकूम उतरवून घेण्याची विद्या आता चांगली परिणत झाली आहे. ती प्रत्येक गृहस्थास ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. कारण तिच्या अभावी वाचण्याजोगा ऐवज हातचा जातो, आणि तोही अनेकदा मालकाने सद्हेतूने केलेल्या खटपटीमुळेच जातो.

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक या संगणकाबरोबर अशी पहिली यंत्रणा विक्रीस आणली, तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कमध्ये तळहाताएवढ्या जागेत त्याच्या लक्षावधी पट मजकूर बसतो. परंतु या घनतेची किंमत यंत्राच्या नाजूकपणात मोजावी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची बाहेरील कड ताशी १२० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असते, आणि तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचणारे हेड हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. हे अंतर इतके सूक्ष्म, की एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या अवघ्या काही भागांएवढे भरावे. हेड एकदा पृष्ठाला घासले म्हणजे चुंबकीय लेप खरवडला जातो, त्याचा चुरा आत फिरू लागतो आणि तो पुन्हा नव्या जागी ओरखडे काढतो. म्हणूनच जखम झालेली डिस्क जितकी चालवावी तितकी ती अधिक जखमी होण्याचा संभव असतो.

तबकडीवरील मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या खंडांत विभागलेला असतो. जुन्या डिस्कमध्ये असा खंड ५१२ बाइटांचा असे, अलीकडे तो बहुधा ४०९६ बाइटांचा असतो. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही, तर डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते, आणि संगणक मध्येच थिजल्यासारखा वाटतो त्याचे एक कारण हेच. निकामी ठरलेल्या सेक्टरांऐवजी राखीव जागा वापरली जाते आणि या घडामोडींची नोंद ‘स्मार्ट’ या अंतर्गत वहीत होते. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. पृष्ठाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते, असे त्यात दिसून आले. परंतु त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखविली नव्हती. तेव्हा वहीत दोष दिसला तर तो गांभीर्याने घ्यावा. न दिसला म्हणून निश्चिंत मात्र राहू नये.

आता होते काय, की डिस्क अडखळू लागताच मनुष्य प्रथम दुरुस्तीचा विचार करतो. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ चालवितो, संगणक वारंवार बंद-चालू करतो, किंवा एकेक फोल्डर उघडून फाइली पेन ड्राइव्हवर ओढू लागतो. यातला प्रत्येक उपाय घातक आहे. दुरुस्तीचा प्रोग्राम त्याच आजारी पृष्ठावर लेखन करतो. नुसता संगणक सुरू झाला तरी शेकडो नोंदी तिच्यावर लिहिल्या जातात. आणि फाइली सुट्या सुट्या उचलताना हेड तबकडीभर सैरभैर धावते व एका नासक्या फाइलीपाशी सारे काम अडून बसते. डिस्कचे शिल्लक आयुष्य मोजके असते, आणि ते केवळ वाचनावर, तेही शिस्तीच्या वाचनावर खर्चावे, हा या विषयातला मुख्य नियम आहे. म्हणून संगणक बंद करावा, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे आणि आजारी डिस्कवरील फाइली न उघडता ती अगदी खालच्या पातळीवर, सेक्टरामागून सेक्टर अशी वाचावी.

या कामासाठी अंतोनियो दियास दियास यांनी २००४ पासून विकसित केलेला ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम मुक्तपणे उपलब्ध आहे, आणि त्यामागील विचार मला फार सुंदर वाटतो. युनिक्समधील जुना ‘डीडी’ पहिल्या दोषाशीच थांबे. डीडीरेस्क्यू मात्र वाळवी लागलेल्या रुमालाची नक्कल करणाऱ्या जाणत्या कारकुनासारखा वागतो: आधी स्वच्छ पाने भराभर उतरवून घ्यावीत, चिकटलेली पाने खूण करून सोडावीत, आणि बाकीचा ऐवज सुरक्षित झाल्यावरच त्या पानांना हात घालावा. पहिल्या फेरीत तो निर्दोष प्रदेश उचलतो आणि अडचणीचा भाग ओलांडून पुढे जातो. नंतर उलट दिशेने येऊन त्या भागाच्या कडा आखडत आणतो. शेवटी उरलेल्या तुकड्यांतला एकेक सेक्टर खरवडून पाहतो. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला याचा नकाशा तो एका फाइलीत लिहीत जातो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम सोडल्या जागेवरून पुढे सुरू करता येते. हा नकाशा अर्थातच आजारी डिस्कवर नव्हे, तिसऱ्या ठिकाणी ठेवावा. निरोगी स्थितीत एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने तीन तासांच्या आत उतरते. पण अखेरच्या अल्पशा अंशासाठी कधी कित्येक दिवस खर्ची पडतात, आणि तेथे धीर धरावाच लागतो.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. एक सेक्टर कमी असला तरी शेपूट बाहेर राहते. आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही डिस्कवरील अनुक्रमांक पडद्यावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत, कारण मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्वस्व पुसले जाते. डिस्कमधून तालबद्ध टकटक ऐकू आली, तर हेडच निकामी झाल्याची ती बहुधा खूण असते. तेव्हा वीज तत्काळ तोडावी आणि धूलिरहित कक्षात डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेकडे ती सोपवावी. घरी झाकण उघडण्याचे साहस कदापि करू नये. एसएसडीची गोष्ट निराळी: तीत तबकडी नाही, हेड नाही, आणि ती पुष्कळदा कोणतीही सूचना न देता एकाएकी मूक होते.

नक्कल पुरी झाल्यावर फाइलव्यवस्थेची दुरुस्ती करावी, आणि ती नकलेवर करावी. दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळख एकच झालेली असल्याने त्या एकाच वेळी जोडून ठेवू नयेत. जे सेक्टर मिळालेच नाहीत त्यांच्या जागा डीडीरेस्क्यू एखाद्या ठरावीक शब्दाने भरू शकतो. मग तो शब्द साऱ्या फाइलींत शोधला, म्हणजे कोणत्या फाइली खंडित आहेत याची यादी हाती येते. ही यादी करणे फार अगत्याचे आहे, कारण हानी सर्वत्र सारखी नसते: साध्या मजकुरातून एक सेक्टर गेला तर काही ओळी जातात, छायाचित्रात त्या जागेपासून खालचा पट्टा विद्रूप होतो, आणि झिप केलेली संपूर्ण फाइल कधी उघडतच नाही. यादीतील कागद बँकेकडून, नातलगांकडून किंवा जुन्या ईमेलमधून पुन्हा मिळतात का ते पाहावे, आणि तो शोध संपेपर्यंत मूळ डिस्क वीज न देता, वर तारीख लिहून, कपाटात जपून ठेवावी.